कुमुद टीचर आणि बोकडाचे गुर्दे

डिचोलीच्या बाजारात रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभे राहिलात, तर रांगेच्या तोंडाशी एक किडकिडीत बाई हमखास दिसेल. वय सत्तरीला टेकलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पायांत रबरी चपला. ती खाटकाकडून ताजा गुर्दा मागून घेते, त्याच्याच लाकडी ठोकळ्यावर ठेवते, पिशवीतून दाढीचं ब्लेड काढते आणि गुर्दा काजूगरासारखा उभा चिरून दोन फाकी उघडते. मग त्या फाकी तळहातावर धरून रांगेकडे वळते आणि वर्गात विचारावं तसं विचारते,

"सांगा पाहू, ह्यात अल्कोहोल कुठं असतं?"

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई सकाळीच घेऊन आली आहे. माझ्या पुढं बाबुशा नावाचा एक इसम उभा होता. तो मात्र खरंच सकाळीच घेऊन आला होता. 'अल्कोहोल' शब्दासरशी त्याचे डोळे उघडले.

"बोकड घेतो, टीचर?"

"घेत नाही, तयार करतो. साखरेपासून. सॉर्बिटॉल म्हणतात त्याला. दारूच्या कुळातलं, पण चढत नाही."

"चढत नाही?" बाबुशाला मनापासून वाईट वाटलं. "मग करतो कशाला?"

"शाबास!" टीचर ब्लेड नाचवत म्हणाली. "इतक्या वर्षांत बरोबर प्रश्न विचारणारा हा पहिला विद्यार्थी."

ह्या आमच्या कुमुद टीचर. गोव्यात मास्तरणीला टीचरच म्हणतात, आणि निवृत्त झाली तरी ती टीचरच राहते. मी मूळचा गडहिंग्लजचा. इथल्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कोल्हापूरकडचा माणूस परमुलखात गेला की आधी मटणाचं दुकान शोधतो, मग खोली. मला दोन्ही एकाच रांगेत मिळालं. त्या रविवारी टीचरनं माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "नवीन दिसतोस. नाव?"

"पाटील."

"आज सकाळपासून मुतायला कितीदा गेलास, पाटला?"

आख्खी रांग माझ्याकडं बघू लागली. मी इंजिनियरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस, पण असा प्रश्न मला तोंडी परीक्षेतही आला नव्हता. मी खरं ते सांगितलं, की एकदा. "फक्त एकदा? ह्या उकाड्यात?" असं म्हणून तिनं पिशवीतली बाटली माझ्या हातात दिली आणि ती मी संपवेपर्यंत रांग पुढं सरकू दिली नाही. पाणी पिता पिता मी खोलीचं विचारलं. तिच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या दिवसापासून मी आणि माझी बायको सुनीता तिथंच आहोत.

टीचरनं डिचोलीच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. गाव पेडण्यातलं कोरगाव. लग्न केलं नाही. का, हे कुणी विचारलं तर म्हणायची, "सवड झाली नाही." तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता डॉक्टर, वकील, पंच, बारमालक अशी सगळीकडं पसरलेली आहेत आणि रस्त्यात टीचर दिसली की सगळी आधी पाण्याची बाटली शोधतात. मीटर वाचायला येणारा वीजखात्याचा माणूस आमच्या घरी शेवटी यायचा, कारण इथं दोन ग्लास पाणी पिऊन हजेरी दिल्याशिवाय मीटर बघायला मिळत नसे. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकलवरून उतरायच्या आधीच ओरडायचा, "दोनदा, टीचर, दोनदा!" नव्या माणसाला वाटायचं, पावांची संख्या सांगतोय.

एकदा ती आमच्या कारखान्यातही घुसली. आमच्याकडं बेळगाव आणि कोल्हापूरकडची पोरं पुष्कळ. मोल्डिंग मशीनच्या धगीत आठ तास उभी असतात. टीचरनं घरी एक तक्ता रंगवला. त्यावर चार पेले काढले: शहाळं, लिंबू सरबत, मध आणि कोरा चहा. खाली लिहिलं, 'तुमचं कुठल्या रंगाचं? चहापर्यंत पोचलात तर मला येऊन भेटा.' आणि तो तक्ता तिनं पहारेकऱ्याची नजर चुकवून थेट पुरुषांच्या मुतारीत चिकटवला. मॅनेजरसाहेबांनी काढायला लावला. दुसऱ्या दिवशी पोरांनी तो परत लावला. शेवटी साहेबांनी नाद सोडला. पुढं तर खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'साहेब चहा.'

तिच्या बोलण्यातही गुर्दाच. कुणी पाल्हाळ लावलं की ती हात वर करायची. "सालीवर फिरू नको. टोकाला ये." शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पुढारी पाऊण तास बोलत होते, तेव्हा तिसऱ्या ओळीतून हाच आवाज आला होता म्हणतात. पुढारी तिचाच विद्यार्थी होता. तो ताबडतोब टोकाला आला आणि खाली बसला.

ही साल आणि हे टोक काय, ते मला एका रविवारी तिच्या जेवणाच्या मेजावर कळलं. सुनीता मसाला वाटत होती आणि मी टीचरकडं आमच्या वाटणीचे गुर्दे मागायला गेलो होतो. तिनं स्टीलच्या ताटलीत एक फाक ठेवली.

"पळे, बघ, ही बाहेरची तपकिरी ती साल. हिच्यात सॉर्बिटॉल जवळजवळ नाहीच. हा मधला गडद लाल पट्टा. ह्यात सॉर्बिटॉलचा एक चुलतभाऊ असतो, इनॉसिटॉल. तो सालीपेक्षा इथं पुष्कळ जास्त. आणि हा आतला फिकट भाग, हे टोक. खच्चून सॉर्बिटॉल कुठं, तर इथं. जसजसं टोकाकडं जाशील तसतसं वाढत जातं."

"आणि बाबुशा म्हणाला तसं, करतो कशाला?"

"टोकाला मूत आटवायचं काम चालतं. शरीराला पाणी वाचवायचं असतं ना! त्यासाठी तिथं मीठ आणि युरिया इतकं साठवलेलं असतं, की दुसरी कुठली पेशी तिथं ठेवलीस तर खारातल्या कैरीसारखी सुरकुतून मरेल. मग तिथली पेशी काय करते? आपल्या आत हे गोडसर अल्कोहोल बनवून साठवते. बाहेर मीठ, आत हे. दोन्ही बाजूंची ओढ सारखी. पेशी टवटवीत." ती एकदम माझ्याकडं झुकली. "आणि जनावर तहानलेलं असलं, की बाहेरचं मीठ वाढतं, म्हणून पेशी आणखी बनवते. भरपूर पाणी प्यायलं, की नको झालेलं टाकून देते. कुणी शिकवलं रे तिला? मी तीस वर्षं शिकवलं तरी पोरांना परासरण कळलं नाही!"

तेव्हाच मला कळलं, की तरुणपणी टीचर पुण्याला एका प्रयोगशाळेत ह्याच विषयावर संशोधन करत होती. साल, मधला पट्टा, टोक ह्यांची मापं तिनं घेतली होती. राहिला होता तो शेवटचा भाग: तहानलेल्या आणि पाणी प्यायलेल्या बोकडांची तुलना. तेवढा केला असता तर ती डॉक्टर कुमुद झाली असती.

"मग राहिला का?" मी विचारलं.

"घरी काम निघालं," ती म्हणाली आणि फाक माझ्या भांड्यात टाकली. "जा, तुझी बायको वाट बघत असेल."

गेल्या वर्षी एका दुपारी सिद्धी आली. सिद्धी टीचरची लाडकी विद्यार्थिनी. आता एका कॉलेजात प्राध्यापक आहे. ती फाटकातूनच ओरडत आली, "टीचर, मशीन आलं! आमच्याकडं मशीन आलं! साखरा, सॉर्बिटॉल, इनॉसिटॉल, सगळं वेगवेगळं मोजून देतं. तुमचा राहिलेला भाग करूया!"

टीचर तेव्हा जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, कोकमं निवडत होती. तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "किती बोकड लागतील?"

"तीन तहानलेले आणि तीन पाणी प्यायलेले. एवढ्यावर जग जिंकता येणार नाही, पण सुरुवात होईल."

त्या दिवसापासून आमच्या घराचा रंगच बदलला. टीचरनं ट्रंकेतून पुण्याच्या वह्या काढल्या. वाळवी लागलेली पानं सुनीताकडून उन्हात घालून घेतली. गुर्दा कापल्याबरोबर गोठवावा लागतो, नाहीतर आतलं प्रमाण बदलतं. त्याला लागतो द्रवरूप नायट्रोजन. तो कुठून आणायचा? टीचरनं गायींना कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरला गाठलं. वळूचं बीज ज्या डब्यात गोठवून ठेवतात, तसला एक जादा डबा त्याच्याकडं होता. तो बिचारा आनंदानं म्हणाला, "टीचर, गाय घेतलीत?"

"ना. बोकड आहेत."

डॉक्टर जरा गोंधळला. बोकडांना हे कशाला, असं त्याला वाटलं असणार. पण तोही तिचाच विद्यार्थी, त्यामुळं पुढं विचारायची हिंमत झाली नाही.

खरी लढाई झाली रफीकभाईशी. हा आमचा खाटीक. रविवारी सहा बोकड कापायचा आणि शुक्रवारीच ते आणून आपल्या घरामागच्या पडवीत बांधायचा. टीचरनं त्याला सांगितलं, की तिघांना पाणी भरपूर द्यायचं आणि तिघांना शुक्रवार संध्याकाळपासून थेंबही नाही. रफीकभाईनं सुरी खाली ठेवली.

"टीचर, ते माझ्याच्यानं होणार नाही. आमच्यात जनावराला पाणी पाजल्याशिवाय सुरी लावत नाहीत."

"पाज ना. सुरीच्या पाच मिनिटं आधी पाज. पाच मिनिटांत पेशीला पत्ताही लागत नाही."

"पण त्याच्या आधी दीड दिवस..."

"रफीक, मेंढपाळाच्या रानात जनावरं दोन-दोन दिवस पाण्याविना चरतात. मरत नाहीत. मला मापं हवीत."

"जनावर ओरडेल. मी वरच्या खोलीत झोपतो. मला ऐकू येतं."

"कानात कापूस घाल."

रफीकभाई माझ्याकडं बघू लागला. मी आकाशाकडं बघू लागलो. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही माझ्या पोरीला दहावीला पास केलंत, म्हणून हो म्हणतो. पण पाप तुमच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर जागा आहे," टीचर म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी बाल्दी उचलायची. बोल, हो."

तो हो म्हणाला. टीचर इतकी खडूस वागू शकते, हे मला नवीन होतं. येताना मी स्कूटरवर हळूच म्हटलं, "टीचर, तुम्ही मीटरवाल्याला दोन ग्लास पाजता आणि बोकडांना..."

"सालीवर फिरू नको, पाटला," ती मागून म्हणाली.

शनिवारी माझी सकाळची पाळी होती. तीन वाजता सुटलो. टीचरनं थर्माकोलची पेटी रफीकभाईकडं पोचवायला सांगितली होती, ती घेऊन मी गेलो. दुकान दुपारचं बंद. घरची माणसं वामकुक्षीला. मी वळसा घालून मागच्या पडवीकडं गेलो आणि कोपऱ्यावरच थांबलो.

एका बाजूला पाणी प्यायलेले तिघे रवंथ करत बसले होते. दुसऱ्या बाजूला तहानलेल्या तिघांपुढं टीचर उकिडवी बसली होती. समोर बाल्दी. तिघांची तोंडं एकाच बाल्दीत. ती एकाच्या मानेवर हात ठेवून कोंकणीत बोलत होती.

"पी रे. पी बाबा. सवकास. कोण काय म्हणत नाही. पी."

बाल्दी संपली. ती उठली, गुडघे धरून. विहिरीवर गेली, दुसरी भरून आणली. तीही संपली. तिनं पदरानं एका बोकडाचं तोंड पुसलं. मग बाल्दी जिथल्या तिथं पालथी घातली, आजूबाजूला चोरासारखं पाहिलं आणि पलीकडच्या वाटेनं निघून गेली.

मी पेटी पायरीवर ठेवली आणि घरी आलो. सुनीतालाही सांगितलं नाही. टीचर संध्याकाळी मेजावर बसून चांदीच्या कागदाचे तुकडे कापत होती. मला म्हणाली, "पाटला, उद्या वेळेवर ये. घोळ चालणार नाही. विज्ञान आहे हे." मी हो म्हटलं.

रविवारची सकाळ डिचोली विसरणार नाही. दुकानात रफीकभाई, त्याच्याशेजारी टीचर ब्लेड घेऊन, तिच्याशेजारी हातमोजे घातलेली सिद्धी आणि शेवटी मी, मार्कर पेन घेऊन. चांदीच्या पुड्यांवर तहानलेल्यांना 'त' आणि प्यायलेल्यांना 'प' लिहायचं काम माझ्याकडं होतं. गुर्दा बाहेर आला की टीचर दोन मिनिटांत साल, पट्टा आणि टोक वेगळं करायची. सिद्धी पुडी बांधून डब्यात टाकायची की डब्यातून पांढरा धूर भसकन उसळायचा आणि ठोकळ्यावरून रांगेत उतरायचा. बायका पाय वर घ्यायच्या. सहा बोकडांचे बारा गुर्दे, एकेकाचे तीन भाग. छत्तीस पुड्या.

"आज गुर्दा मिळणार नाही," रफीकभाई प्रत्येकाला सांगत होता. "सरकारजमा."

बाबुशा धुराकडं बघत उभा होता. "टीचर, आता तरी चढणारी काढताय का?"

मी 'त' लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, पाटला, तू ह्यातलं काय खरं लिहितोयस? टीचर माझ्याकडं एकदाही बघत नव्हती. सहाव्या बोकडानंतर तिनं ब्लेड धुतलं, कागदात गुंडाळलं आणि म्हणाली, "झालं. आता मशीन बोलेल."

मशीन दहा-बारा दिवसांनी बोललं. सिद्धी आलेख घेऊन आली. आम्ही मेजाभोवती बसलो. सुनीतानं चहा केला.

"टीचर, हे बघा." सिद्धीनं पहिला कागद उलगडला. "साल: सॉर्बिटॉल जवळजवळ नाहीच. पट्टा: थोडं. टोक: हे एवढं! तुमच्या वहीतल्यासारखं तंतोतंत. आणि इनॉसिटॉल बघा, मधल्या पट्ट्यात कसं चढलंय. तुम्ही त्या जुन्या काळात हातानं मोजलेलं आणि आमचं मशीन सांगतंय ते एकच आहे."

टीचरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आलेखावरून बोट फिरवलं, सालीपासून टोकापर्यंत. "बरोबर होतं माझं," ती स्वतःशीच म्हणाली. "एकटीनं केलेलं, तरी बरोबर होतं."

"पण हा दुसरा कागद," सिद्धी म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "तहानलेले आणि प्यायलेले. काही फरकच नाही, टीचर. टोकाला सॉर्बिटॉल सगळ्यांत सारखंच. मी तीनदा मोजलं. आमच्या सरांना वाटतं, बोकडाच्या पोटात पाण्याचा साठा असतो, म्हणून दीड दिवसात त्याला तहान लागतच नसेल. तसं असेल तर ही मोठी बातमी आहे. उंदरात होतं ते बोकडात होत नाही! असं आपण छापू शकतो." तिनं टीचरकडं पाहिलं. "फक्त एक खात्री हवी. पाणी नक्की बंद होतं ना?"

मी चहाच्या कपात बघत होतो. त्या कपात बघण्यासारखं काही नव्हतं. टीचर 'हो' म्हणाली असती, तर विषय संपला असता. तिचं नाव छापून आलं असतं, आणि रफीकभाईनं शपथेवर सांगितलं असतं की सुरीच्या वेळेपर्यंत त्यानं थेंबही पाजला नाही. ते खरंच होतं.

"ना," टीचर म्हणाली. "शनिवारी दुपारी मी पाजलं. दोन बाल्द्या."

सिद्धीला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"तिघांनाही. तहानलेल्या."

"पण कित्याक, टीचर?" सिद्धी उभी राहिली. "एवढी तयारी, तो डबा, मशीन मिळवायला मी सगळ्यांच्या पाया पडले, आणि तुम्हीच... का?"

"तहानले होते," टीचर म्हणाली.

सिद्धी हसेल की रडेल ते कळत नव्हतं. शेवटी तिनं कागद गोळा केले, पहिला आलेख मेजावरच ठेवला आणि म्हणाली, "हा तुमचा. हा खरा आहे." जाताना तिनं टीचरच्या खांद्यावर हात ठेवला. पण ती दुखावली होती आणि ते लपत नव्हतं.

सुनीता कप उचलून आत गेली. मी उठू लागलो, तर टीचर म्हणाली, "बस. तू त्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यावर होतास. पेटी पायरीवर होती. मी काय आंधळी?"

मी बसलो.

"माझा दादा खाणीवर ट्रक चालवायचा," ती म्हणाली. "आई-बाप लवकर गेले. त्यानं लग्न केलं नाही, मला पुण्याला धाडलं. लाल धुळीनं माखलेला माणूस, पण कोरगावात सगळ्यांना सांगायचा, माझी बहीण शास्त्रज्ञ होणार. ती गुर्द्याचं शिकते. मग त्याचेच गुर्दे गेले. दोन्ही. मी वह्या बांधून परत आले."

बाहेर कुणीतरी फाटक वाजवलं. वाजवणारा वाट बघून निघून गेला. टीचरनं तिकडं पाहिलं नाही.

"तेव्हा इथं मशीनवर रक्त शुद्ध करायची सोय कमी. आठवड्यातून एकदा नंबर लागायचा. तसल्या रोग्याला पाणी मोजून द्यायचं असतं, कारण लघवी होत नाही. पाणी फुप्फुसात भरतं. दिवसाला तीन कोप, म्हणजे तीन पेले. मी कुलेरीनं, चमच्यानं, मोजून द्यायचे. माझ्याइतकं काटेकोर कोण देणार? मी ते शिकले होते. तहानलेल्या जनावराच्या पेशीत काय होतं, मला पाठ होतं. शेवटच्या दिवशी इस्पितळात त्याची जीभ लाकडासारखी झाली होती. एक नर्स होती. तिला दया आली. ती पाण्याचा कोप घेऊन आली आणि म्हणाली, एवढं पी, काही होत नाही. त्यानं तिचा हात बाजूला केला."

मग दादाचे शब्द तिनं त्याच्याच बोलीत सांगितले. "म्हणाला, 'माझ्या भयणीक विचार. ती तेंच शिकता.' माझ्या बहिणीला विचार, म्हणाला. नर्सनं माझ्याकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं."

"आणि तुम्ही?"

"मी नाही म्हटलं."

मी म्हटलं, "टीचर, डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं ना? तुमचं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतंच. संध्याकाळी तो गेल्यावर डॉक्टरही तेच म्हणाले. सगळं बरोबर केलंत, म्हणाले." ती मेजावरच्या आलेखाची सुरकुती तळव्यानं सपाट करत राहिली. "चुकलं असतं तर बरं झालं असतं रे, पाटला. चुकीची माफी तरी मागता येते."

सुनीता दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं, कुणास ठाऊक. ती आली आणि टीचरच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

मग टीचर नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सिद्धीला फोन लाव. सांग, प्रयोग चांगला आहे, परत करायला हवा. वह्या मी तिला देते, कापायचं कसं ते शिकवते, पुड्याही बांधीन. फक्त शनिवारी मला तिकडं फिरकू देऊ नका. सुनीता, तू त्या दिवशी मला कोरगावला घेऊन जा. दादाचं घर उघडून झाडायला झालंय."